औषध तेच, प्रोटीन तेच. मग पेशीतली जागा बदलली की परिणाम का बदलतो?

स्तनाच्या कॅन्सरवरच्या वेपडेजेस्ट्रंट या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले. ईएसआर१ जनुकात बदल झालेल्या रुग्णांमध्ये आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ५ महिने होता. फुलवेस्ट्रंट या जुन्या इंजेक्शनवर तो २.१ महिने होता. सगळ्या रुग्णांचा एकत्रित विचार केल्यावर मात्र ठोस फरक दिसला नाही. तरीही चर्चा झाली, कारण इथवर पोहोचलेलं हे पहिलंच ‘प्रोटॅक’.

प्रोटॅक म्हणजे काय?

नेहमीची बरीचशी औषधं त्रासदायक प्रोटीनला अडवतात. प्रोटॅक ते पेशीकडूनच नष्ट करवून घेतं. त्याचं एक टोक प्रोटीनला पकडतं, दुसरं ई३ लायगेज नावाच्या एन्झाइमला. हे एन्झाइम प्रोटीनवर युबिक्विटिनचा शिक्का मारतं आणि प्रोटिअसोम नावाचं यंत्र त्याचे तुकडे करतं. (या शिक्क्याच्या शोधाला २००४ चं नोबेल मिळालंय.)

मग अडतं कुठे?

ज्या गल्लीत घंटागाडी येतच नाही, तिथला कचरा कितीही नीट बांधून ठेवला तरी पडूनच राहतो. पेशीतही तसंच.

अमेरिकेतल्या स्क्रिप्स रिसर्चच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये हे थेट दाखवलं. एफकेबीपी१२ हे प्रोटीन त्यांनी काही पेशींत केंद्रकात ठेवलं, काहींत केंद्रकाबाहेर. रेणू दोन्हीकडे तोच वापरला. केंद्रकातलं प्रोटीन नष्ट झालं, बाहेरचं जसंच्या तसं राहिलं! कारण त्या रेणूने कामाला लावलेला ई३ चा डीसीएएफ१६ हा भाग केंद्रकातच सापडतो.

ही फक्त अडचण नाही, संधीही आहे. एखादं प्रोटीन एका जागी घातक आणि दुसऱ्या जागी गरजेचं असेल, तर नेमकं घातक तेवढंच काढता येऊ शकतं. माणसाच्या शरीरात ६०० हून अधिक ई३ आहेत, पण बहुतेक प्रोटॅक सेरेब्लॉन आणि व्हीएचएल या दोघांवरच अवलंबून आहेत. हे दोन्ही केंद्रकात आणि बाहेरही असतात, त्यामुळे जागेचा प्रश्न बराच काळ झाकलेला राहिला.

पेशीच्या पृष्ठभागावर किंवा पूर्ण बाहेर असलेल्या प्रोटीनसाठी वेगळा मार्ग लागतो. स्टॅनफर्डमध्ये कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २०२० मध्ये ‘लायटॅक’ मांडलं. ते प्रोटीनला प्रोटिअसोमकडे नेत नाही, तर लायसोसोम या पेशीतल्या दुसऱ्या कचराकेंद्राकडे ओढून नेतं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतलं प्रोटीन मात्र अजूनही अवघडच, कारण प्रोटिअसोम तिथे नसतोच.