ऊनोदरीचा हिशेब

जैन कुटुंबात तपाचे कौतुक मोठे असते. अठ्ठाई पूर्ण झाली की आप्तेष्ट जमतात, अनुमोदना होते, पारण्याचा सोहळा होतो. भुकेपेक्षा चार घास कमी जेवणारा मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. वास्तविक बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊनोदरीचेच स्थान आहे. मधुमेह झालेल्या गृहस्थास तर या दुसऱ्या तपाचे मोल अधिक आहे.

याची साक्ष दूरच्या ब्रिटनमधून मिळते. ग्लासगोचे प्रा. माइक लीन आणि न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी स्कॉटलंड व टाइनसाइड येथील 49 सामान्य दवाखान्यांत ‘डायरेक्ट’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2017 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वजन जास्त असलेले, मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेले आणि इन्सुलिन न घेणारे 306 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांची मधुमेहाची औषधे डॉक्टरांनी थांबवली व त्यांना तीन ते पाच महिने रोज सुमारे 850 उष्मांकांचा मोजका द्रवाहार दिला. पुढे नेहमीचे जेवण टप्प्याटप्प्याने सुरू केले.

वर्षअखेर या गटातील 46 टक्के रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. दुसऱ्या गटात हे प्रमाण केवळ 4 टक्के होते. ज्यांचे वजन 15 किलो किंवा त्याहून अधिक उतरले, त्यांच्यापैकी 86 टक्के रुग्णांना हे साधले. यकृत व स्वादुपिंडात साठलेली चरबी घटली की इन्सुलिनचे कार्य पुन्हा सुधारू शकते, अशी प्रा. टेलर यांची उपपत्ती आहे.

परंतु आहार सांगणे सोपे, तो निभावणे कठीण. या प्रयोगात ते काम त्याच दवाखान्यातील परिचारिकेने किंवा आहारतज्ज्ञाने केले. त्यासाठी त्यांना अवघे आठ तासांचे प्रशिक्षण मिळाले होते. प्रारंभी दर पंधरवड्याला, पुढे दरमहा रुग्णाची भेट होई. वजन दोन किलोंहून अधिक वाढले की लगेच उपाय होई. रोजमेळातील फरक त्याच दिवशी शोधणाऱ्या व्यापाऱ्यास यातील शहाणपण वेगळे सांगावे लागणार नाही. तरीही दोन वर्षांनी 46 टक्क्यांचे 36 टक्के झाले. म्हणजे हा रोग एकदाच फेडून मोकळे होण्याचे कर्ज नव्हे. त्याचे खाते कायम उघडेच राहते.

850 उष्मांकांचा आहार घरच्या घरी करून पाहण्याचा नव्हे. भारतीयांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह होतो. म्हणून किती वजन उतरवावे हे डॉक्टरांनीच ठरवावे. पण दुकानातील दिवसभराचा गोड चहा, गल्ल्याशेजारचे फरसाण आणि चौविहार साधण्याच्या घाईत पोटभर घेतलेली पोळी-भाताची थाळी यांचा हिशेब घरातच मांडता येतो. थाळीत मूग, दुधी, पडवळ वाढावे व पोळ्या मोजून घ्याव्यात. घरातील एका व्यक्तीने दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे आणि ती वही फॅमिली डॉक्टरांना दाखवावी.

एक धोका मात्र स्पष्ट सांगावा लागेल. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपवास केल्यास साखर एकाएकी उतरते. घाम येतो, हात कापतात, शुद्धही हरपू शकते. पच्चक्खाण मोडेल म्हणून त्या क्षणी साखर नाकारणे प्राणावर बेतू शकते. म्हणून पर्युषणापूर्वीच डॉक्टरांना विचारावे आणि गुरुमहाराजांसमोर आजार न लपवता, झेपेल तेवढेच पच्चक्खाण मागावे. संघात मधुमेह लपवणारे वडीलधारे आजही अनेक घरांत आहेत. मुलांनी आणि सुनांनी त्यांना अठ्ठाईचा आग्रह करू नये. रोजच्या अर्ध्या पोळीच्या त्यागाचीही अनुमोदना करावी.