वृद्धाश्रमांतील नाताळ

नाताळ जवळ आला कीं वृद्धाश्रमांतील सेवकवर्ग करमणुकीचा बेत आंखूं लागतो. सांताक्लॉजचें सोंग, नाच, एखादी नाटिका! हेतु स्तुत्य खरा. परंतु वृद्धांनीं खुर्चीवर बसून केवळ टाळ्या वाजवाव्या, हें आम्हांस पटत नाहीं.

शनिवार पेठेहून जवळच, नवी पेठेंत, डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांच्या औदार्यानें उभा राहिलेला ‘निवारा’ आश्रम आहे. अशा आश्रमांतील वृद्ध बहुधा ख्रिस्ती नसतात. पण ओवी-अभंग त्यांच्या ओठीं असतात. मग कर्ण्यावर परकीं गाणीं कशाला? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ति अभंगांतूनच गाइली ना?

सेवकांनीं टाळ-पेटी घेऊन बसावें. आजीबाईंना ओवी म्हणण्याची विनंति करावी, आजोबांस जुन्या पुण्याच्या हकीकती विचाराव्या, आणि आपण श्रोते व्हावें. ज्यांस कमी ऐकूं येतें त्यांच्याशेजारीं कोणी तरी बसावें. कार्यक्रम तासाभराचाच असावा. फराळ मऊ असावा व मधुमेह्यांसाठीं निराळा असावा.

पालकहो, मुलांस नाताळांत तेथें अवश्य न्या. आणि सण सरल्यावर, जानेवारींतहि, पुन्हां न्या. आजोबांची हकीकत तोंवर अर्धीच झालेली असेल.