मतदार यादीत चार नावं, सातबाऱ्यावर एकही नाही

2019 च्या ऑक्टोबरात मी तासगावला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. यादीत नाव नुकतंच लागलं होतं, विधानसभेला पहिल्यांदाच मतदान करणार होतो. पण त्या महिन्यातलं मतदान मला फारसं आठवत नाही. आठवतं ते पहाटे तीनला ब्लोअरच्या मागं टॉर्च धरून चिखलात चालणं. पाऊस उघडला की लगेच औषध मारायचं, नाहीतर पानाखाली दावण्या उठतो. मारून घरी येईतो पुन्हा सर यायची. फजरची अजान झाली की अब्बा मशिदीत आणि मी सकाळच्या एसटीत. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर होती, आणि माझ्या हाताला औषधाचा वास.

त्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. मतदानानंतरच्या आठवड्यात ‘क्यार’, त्यापाठोपाठ ‘महा’. क्यार ओमानकडं वळलं, महा गुजरातकडं जाता जाता ढेपाळलं. टीव्हीवर सांगायचे, महाराष्ट्राला धोका नाही. आम्ही तर सह्याद्रीच्या या बाजूला. समुद्र कुठं, आम्ही कुठं! वादळ आमच्याकडं आलंच नाही, ढग तेवढे येत राहिले. फळछाटणी झालेल्या बागेला तेवढं पुरतं. काही बागांत घड जिरले, काही फुलोऱ्यात गळले, राहिले ते कुजले. ज्या बागा उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगवल्या, त्याच पाण्यानं गेल्या.

आमची बाग म्हणतो खरा, पण ती आमची नाही. दीड एकर आहे, अण्णांची. अब्बा ती निम्म्या वाट्यानं करतात. अण्णांची जमीन, आमची मेहनत, औषधपाण्याचा खर्च निम्मा-निम्मा. मोहल्ल्यात अशी बरीच घरं आहेत. बागवान फळं विकतात, तांबोळी-शिकलगारांची आपापली दुकानं, असं लोक धरून चालतात. मुसलमान शेतकरी डोळ्यांसमोर येत नाही, आणि दुसऱ्याच्या रानात राबणारा तर नाहीच. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात आमच्याच तालुक्यातल्या वसंतराव आर्वे यांनी काढली. ती अब्बांच्या हाताला जितकी ओळखते तितकी क्वचितच कुणाला ओळखत असेल. पण हात सातबाऱ्यावर लागत नाहीत.

प्रचार मात्र आमच्या दारापर्यंत नीट पोचला. 18 ऑक्टोबरला जुम्मा होता. नमाज सुटली तेव्हा मशिदीबाहेर दोन पक्षांचे कार्यकर्ते उभे. दोघांचा प्रश्न एकच, “तुमच्या समाजाचं काय ठरलंय?” एकानं कब्रस्तानच्या भिंतीचा शब्द दिला, दुसऱ्यानं शादीखान्याचा. दावण्याबद्दल कुणी विचारलं नाही. त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्यात जतला अमित शहांची सभा झाली, तिथं 370 कलम गाजलं. कॉलेजातली पोरंही मलाच विचारायची, “370 बद्दल तुझं मत काय रे?” मी काश्मीर पाहिलेलं नाही. माझं मत तेव्हा औषधाच्या दुकानातल्या उधारीबद्दल होतं.

त्याच संध्याकाळी साताऱ्यात शरद पवारांनी भर पावसात भाषण केलं. रात्री तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर. पोरं खूश. मीही अब्बांना दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला आणि विचारलं, “ये पानी सातारेमेंच है, या इधर भी आता?” राज्य ज्या पावसाकडं राजकारण म्हणून बघत होतं, त्याच्याकडं अब्बा पाऊस म्हणूनच बघत होते. हे त्यांचं अडाणीपण आहे असं तेव्हा मला वाटलं, याची आज लाज वाटते.

21 तारखेला आम्ही चौघांनी मतं टाकली. 24 ला निकाल लागला, पण सरकार काही बनेना. 9 नोव्हेंबरला अयोध्येचा निकाल आला, दुसऱ्या दिवशी ईद-ए-मिलाद. मशिदीबाहेर उभा राहिलेल्यांपैकी एकाचा अब्बांना फोन, “समाजात शांतता आहे ना?” अब्बा बागेत कुजके घड काढत होते. “हां जी, है,” म्हणाले आणि पुन्हा कात्री उचलली.

12 तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. चारच दिवसांनी राज्यपालांनी मदत जाहीर केली: खरिपाच्या पिकांना हेक्टरी 8 हजार, फळबागांना हेक्टरी 18 हजार, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. दीड एकराचे होतात 10 हजार 800. एवढ्यात औषधाच्या काही फवारण्या निघतात, बाग निघत नाही. पण मुद्दा रकमेचा नाही. पंचनाम्यावर नाव लागलं सातबाऱ्यावरचं. अण्णांनी आलेल्या पैशातले निम्मे स्वतःहून आणून दिले. अण्णा चांगले माणूस आहेत. नुकसान त्यांचंही झालं होतं. आमच्या चुलत्यांना मात्र त्यांच्या मालकानं दमडी दिली नाही, आणि मागायला त्यांच्या हातात कागद नव्हता. सरकारी मदत अशी कुणाच्या चांगुलपणावर सोडायची असते का?

कागद का नसतो, तर मालकाला कूळ कायद्याची धास्ती असते. 1 एप्रिल 1957 ला कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. कायदा चांगलाच होता, अनेक कुळांना त्यानं जमीन दिली. पण तेव्हापासून वाट्यानं द्यायची जमीन तोंडी दिली जाते आणि वर्षा-दोन वर्षांनी माणूस बदलला जातो. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, पीएम किसानचे वर्षाला सहा हजार नाहीत. 2019 च्या डिसेंबरात कर्जमाफी झाली, तीही बँकेच्या आणि सोसायटीच्या थकबाकीची. दुकानदाराच्या उधारीला माफी नसते. नीती आयोगानं 2016 मध्ये शेतजमीन भाड्यानं देण्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा केला होता. मालकाची मालकी अबाधित ठेवायची आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, आपत्तीची मदत मिळू द्यायची, असा त्याचा गाभा. त्यावर मी प्रचारात एक वाक्य ऐकलं नाही, ना या बाजूनं ना त्या बाजूनं. आमच्या समाजाचे म्हणून जे स्टेजवर बसले होते, त्यांनीही काढलं नाही. त्यांना भिंत पुरली.

आणि हे अवघड आहे असं कुणी मला सांगू नये. 2024 ला लाडकी बहीण आली. अम्मीचा अर्ज भरला, आधार जोडलं, दीड हजार थेट तिच्या खात्यावर. सातबारा कुणी मागितला नाही. सरकारला माणसाचं नाव शोधायचं असतं तेव्हा ते सापडतं. कोण कुणाचं रान करतंय हे गावात तलाठ्यापासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. पंचनाम्यात मालकाच्या नावाखाली कसणाऱ्याच्या नावाची एक ओळ वाढवायला जागा नाही, असं थोडंच आहे?

2024 च्या नोव्हेंबरात पुन्हा जुम्म्याच्या नमाजीनंतर तोच घोळका, तोच प्रश्न. या वेळी अब्बा थांबले. म्हणाले, “समाजाचं सोडा. मी अण्णांची दीड एकर करतो. पाण्यानं गेली तर पैसे कुणाला?” कार्यकर्ता तरुण होता, माझ्याच वयाचा. त्यानं जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “चाचा, आमचीपण वाट्यानंच आहे.” मग हातातलं पत्रक देऊन पुढं गेला.

अण्णांशी बोलणं यंदाही तोंडीच झालंय.