भूल देणारी परिचारिका

पुण्याहून एका वृद्ध वाचक भगिनींचे चार पानी पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची नात अमेरिकेत ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरी एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पगार चांगला, राहणे स्वतंत्र, आणि आता ती म्हणते की नोकरी सोडून तीन वर्षे पुन्हा शाळेत बसावयाचे. शाळा कसली, तर रुग्णांस भूल देण्याचे शिक्षण देणारी. घरात यावरून दोन तट पडले आहेत. धाकट्या नातवाच्या शिक्षणासाठी राखलेली सामाईक ठेव या कामी मोडू नये, असे थोरल्या काकांचे म्हणणे. आजीबाईंचा प्रश्न निराळाच आहे: “एवढे करून पुन्हा परिचारिकाच व्हावयाचे, तर मग डॉक्टरच का होऊ नये?”

प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या बहुतेक वाचकांच्या मनात तोच आला असेल. कारण आपल्याकडे भूल देणे हे त्या विषयाचा अभ्यास केलेल्या डॉक्टरांचेच काम होय. खरे सांगावयाचे तर त्यांचीही ओळख आपण फारशी ठेवीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक मोठी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्यांस आम्ही पेढे नेऊन दिले. परंतु ज्यांनी चार तास रुग्णाचा श्वास आपल्या हाती धरला होता, त्यांचे नाव विचारण्याचे कोणास सुचले नाही. आजही ते आम्हांस ठाऊक नाही.

अमेरिकेत मात्र हे काम परिचारिकांकडे फार पूर्वीच आले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला, आणि नंतरची कित्येक वर्षे ईथर हुंगविण्याचे काम जो कोणी नवशिका विद्यार्थी हाताशी असेल त्याच्यावर सोपविले जाई. त्याचे लक्ष रुग्णापेक्षा शस्त्रवैद्याच्या सुरीकडे अधिक! त्यामुळे माणसे दगावत. तेव्हा जिचे डोळे रुग्णावरून हलणार नाहीत अशी व्यक्ती शस्त्रवैद्य शोधू लागले. १८७७ साली पेन्सिल्व्हानियातील ईरी येथे सिस्टर मेरी बर्नार्ड या जोगिणीने हे काम हाती घेतले. (त्याच पेन्सिल्व्हानियात पुढे १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या.) मिनेसोटातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंच्या हाताखाली ॲलिस मॅगॉ यांनी चौदा हजारांहून अधिक रुग्णांस भूल दिली, आणि भुलेमुळे एकही मृत्यू झाला नाही, असा वृत्तान्त १९०६ साली प्रसिद्ध केला. नात आज ज्या क्लीव्हलंडमध्ये राहते, तेथेच लेकसाइड रुग्णालयात ॲगाथा हॉजिन्स यांनी या विद्येची शाळा चालविली व १९३१ साली अशा परिचारिकांची राष्ट्रीय संस्था स्थापिली. डॉक्टरांशी वाद झाले नाहीत असे नव्हे. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शस्त्रवैद्याच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल देणे बेकायदा नाही, असा निकाल १९३६ साली झाला. वाद पुरता मिटला मात्र नाही. या परिचारिकेवर डॉक्टरची देखरेख किती असावी, हे तेथील प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरविते. ओहायोत ती आवश्यक आहे.

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळू. तिकडे डॉक्टर होऊन भूलतज्ज्ञ व्हावयाचे म्हणजे चार वर्षे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यापुढे चार वर्षे रुग्णालयातील उमेदवारी. त्यातही नातीने पूर्वी न घेतलेले विषय आधी पुरे करावे लागतील ते वेगळेच. या शाळेचा मार्ग तीन वर्षांचा. १ जानेवारी २०२२ पासून येथे नव्याने प्रवेश घेणाऱ्यांस डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमातच घेतात. तेव्हा नातीच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागू शकेल. परंतु ती वैद्य नव्हे, हे घराने आधीच समजून घ्यावे, म्हणजे नातलगांत पुढे घोटाळा होणार नाही.

परंतु या मार्गाचे खरे मर्म वर्षांच्या हिशेबात नाही. या शाळेचे दार केवळ गुणपत्रिकेने उघडत नाही. परिचर्येची पदवी व परवाना तर हवाच. शिवाय निदान एक वर्ष अत्यवस्थ रुग्णांच्या उशाशी काढलेले असावे लागते. एक हे नियमापुरते. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षे काढलेल्या मुलींशी स्पर्धा असते. व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण, धमनीत घातलेली नळी, रक्तदाब सावरून धरणारी तीन-तीन औषधे एकाच वेळी थेंबाथेंबाने चाललेली, आणि पहाटे तीन वाजता दाब एकाएकी उतरला तर यांपैकी कोणते किती वाढवावयाचे याचा निर्णय: हे ज्या विभागात रोज घडते, तेथील अनुभवास किंमत. साध्या विभागातील दहा वर्षांची सेवाही येथे उपयोगी पडत नाही. नातीने पत्रात रात्रपाळीची तक्रार केली म्हणून आजीबाईंना वाईट वाटले आहे. आम्ही त्यांना सांगू इच्छितो की, त्या रात्रपाळ्याच तिची खरी पूर्वतयारी होत.

त्याच्या जोडीस ‘सी.सी.आर.एन.’ ही अतिदक्षता परिचर्येची परीक्षा द्यावी. तीस बसण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे मागील दोन वर्षांत अशा रुग्णांची १७५० तास प्रत्यक्ष सेवा. रसायन, शरीरक्रिया, संख्याशास्त्र या विषयांचे गुण जुने किंवा कमी असतील, तर ते विषय पुन्हा घेणे इष्ट. भूल देणाऱ्या एखाद्या परिचारिकेच्या मागे दिवसभर उभे राहून काम पाहावे; मुलाखतीत त्याबद्दल विचारतात. मुलाखत हीच अनेकींची अडचण. अमुक औषध हृदयावर काय करते व का करते, हे तर विचारतातच. पण तुझ्या हातून झालेली एखादी चूक सांग, असेही विचारतात. माझ्या हातून चूक झालीच नाही, असे सांगणारीवर परीक्षकांचा विश्वास बसत नाही. आमच्या घरांत मुलींना चूक झाकण्याचेच वळण अधिक लागते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

शाळा सुरू झाली की नोकरी अशक्यप्राय. निदान २००० तास प्रत्यक्ष काम व ६०० रुग्णांस दिलेली भूल भरल्यावाचून राष्ट्रीय परीक्षेस बसता येत नाही. म्हणजे तीन वर्षे मिळकत नाही आणि शुल्क मात्र भारी. त्यातच २०२५ साली अमेरिकेत झालेल्या कायद्याने, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सर्व खर्चापुरते मिळणारे ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केले. थोरल्या काकांची काळजी म्हणूनच आम्ही हसण्यावारी नेत नाही.

आमचे मत असे की ठेव मोडू नये. ज्या मुलाच्या नावे ती ठेविली त्यास न विचारता तिला हात लावणे बरे नव्हे, आणि बहिणीसाठी तो ‘नाही’ म्हणणार नाही, म्हणून त्यास विचारणेही बरे नव्हे. नातीने अर्ज एक वर्ष पुढे ढकलावा. त्या वर्षात जुने कर्ज फेडावे, घरभाडे व जेवणखाण यांची निदान एका वर्षाची तरतूद स्वतःच्या पगारातून करावी, आणि सी.सी.आर.एन. पदरात पाडून घ्यावी. अनुभवही तेवढाच वाढेल. शुल्कासाठीचे कर्ज तिच्या स्वतःच्या नावे असावे.

एक गोष्ट मात्र पत्रात कोठेच नाही, आणि आम्हांस तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ही विद्या घेऊन पुण्यास परत येता येईल काय? परिचारिका म्हणून येता येईल. भूल देणारी म्हणून नाही, कारण आपल्याकडे ते काम डॉक्टरांचे आहे. नात कधी तरी परत येईल या आशेवर आजीबाई असतील, तर हा प्रश्न पैशाच्या आधी निघावयास हवा. आणि तो काकांनी वा वडिलांनी नव्हे, आजीबाईंनीच तिला विचारावा. ती दिवाळीत पंधरा दिवस येणार असल्याचे त्यांनी लिहिले आहे. पाहुण्यांची वर्दळ सरल्यावर, दुपारी, दोघीच असताना विचारावा.