मुंबईला पावसातच जा!



उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय निघाला की आपल्या वर्गाबाहेर उभे असलेले आईबाबा हमखास म्हणतात, "आत्ता मुंबईला? नको गं बाई, पाऊस असतो! डिसेंबरमध्येच बरं." मला हे पटत नाही.

त्यांची भीती खोटी नाही. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी ८०० च्या वर आहे. २६ जुलै २००५ ला तर तिथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि शेकडो माणसे गेली. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की पाणी समुद्रात जात नाही, रस्त्यावर तुंबते.

डिसेंबरमध्ये हवा छान असते, कबूल. पण आमचे ते दोन आठवडे लग्ने, खरेदी आणि चहाला या-त्या घरी जाण्यात संपतात. आजी फक्त दारात भेटते.

गेल्या वर्षी बाबांच्या रजेमुळे आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. कपडे वाळेनात, कपाटाला ओलीचा वास, डास तर विचारूच नका. एक दिवस एवढा पाऊस झाला की शाळांना सुट्टी दिली, लोकल बंद पडल्या. काका, चुलतभाऊ, सगळे घरी. आजीने कांदाभजी तळली आणि बाबा लहानपणी असेच अडकून रुळांवरून चालत घरी आले होते, ती गोष्ट सांगितली. बाबांनी ती आम्हाला कधीच सांगितली नव्हती. त्या दिवशी मी आजीशी सबंध दुपार मराठीत बोलले. आजी आता ८१ वर्षांची आहे. अशा दुपारी मला आणखी हव्या आहेत.

म्हणून माझे मत: जा, पण तयारीने जा. जीन्स नको, लवकर वाळणारे कपडे घ्या. पाणी उकळून प्या. डासांचे मलम विसरू नका. भरतीची वेळ बघून बाहेर पडा. तुंबलेल्या पाण्यातून चालू नका. त्यात उघडे मॅनहोल दिसत नाही आणि लेप्टोचीही भीती असते.

पाहुण्यांना डिसेंबर सोयीचा. आपण तिथे पाहुणे आहोत का?

तुम्हाला काय वाटते? पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्या.

— मोठ्या गटातील एक विद्यार्थिनी