पुरे कोणी म्हणायचं?

आपल्या पाड्यावर जेवणारा माणूस ताटावर हात आडवा धरतो आन् म्हणतो, "पुरे." वाढणारी बाई पुरे म्हणत नाय. टोपलीत एकच भाकर उरली असली तरी ती म्हणते, "अजून घे." वाढणाऱ्यानेच पुरे म्हटलं तर त्या घरी परत कोण जेवायला जाईल?

मागच्या महिन्यात आम्ही काही जण वनहक्काच्या पट्ट्याचं विचारायला कचेरीत गेलो. गावच्या वनहक्क समितीने मोजलेली जमीन 2 एकर, पट्ट्यावर आली 12 गुंठे. साहेब हसून बोलले, "आदिवासी माणूस समाधानी असतो. तुम्हाला एवढी पुरेशी आहे."

बाहेर आल्यावर आमच्यातला म्हातारा बाबा म्हणाला, "कुठवर पुरतं ते याला काय ठावं?"

आपल्यात जमीन किती, हे कोणी विचारत नाय. दाणा कुठवर पुरला, असं विचारतात. कोणी संक्रांत सांगतं, कोणी शिमगा. ज्याची कणगी आखाडापर्यंत पुरली तो सुखी. ज्याला पुरणार नाय हे दिसतं तो पावसातच शेठची उचल घेतो आन् दिवाळी झाली की बायकापोरं घेऊन भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातो. पोरांची शाळा तिथंच सुटते. 12 गुंठ्यांतली नागली संक्रांत तरी गाठेल का?

कापलं कसं ते पण बघा. वरकस जमिनीत पहिल्या साली नागली, दुसऱ्या साली वरई, मग खुरासणी नायतर उडीद. नंतर माती थकते म्हणून तो तुकडा काही वर्षं पडीक सोडतात. मोजणीवाल्यांनी उभं पीक तेवढं मोजलं आणि पडीक तुकड्यावर "कसत नाही" असं लिहिलं. तो तुकडा विसावा घेतो म्हणून तर पुढं परत पिकतो!

कंद खणला की त्याचं डोकं परत मातीत लावायचं, खाण्यापुरतंच घ्यायचं, हे आम्हाला आजीने शिकवलं. ही आपली रीत खरी. पण ती आपण आपल्या हाताला घातलेली आहे. त्या समाधानाच्या नावाने आपल्या जमिनीला कात्री लावायचा हक्क कोणाला दिलेला नाय.

2006 च्या कायद्यात जमिनीचं माप "पुरेशी" असं धरलेलं नाय. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आजवर प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढी, फक्त 4 हेक्टरच्या वर नाय. म्हणजे 10 एकराला जराशी कमी. आपण मागतो 2 एकर.

खरं सांगायचं तर आम्हाला साहेबापेक्षा आपलाच राग जास्त येतो. "मिळालं तेवढं पुरे, नायतर तेही जाईल," म्हणून काही घरांनी गप अंगठे दिले. भीती आम्हालाही वाटते. पण उपविभागीय समितीने कापलं असेल तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो. शेतातले बांध पुरावा आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात. कोणत्या तुकड्यात कोणत्या साली काय पेरलं ते म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे.

येत्या ग्रामसभेत एकेका घराचं बसून लिहू. वही आम्ही आखून ठेवलीय. नाव, तुकडा, पीक, पडीक कधीपासून. शेवटी एक रकाना आमच्या मनाने वाढवलाय: दाणा कुठवर पुरतो.