आईला संडासला कोण नेणार?

दोस्तांनो, प्रश्न घाण वाटला तर नाक दाबा, पण वाचा. संविधान, क्रांती, वर्ग आणि वर्ण यांच्यावर आपण रात्र रात्र बोललोय. चहाच्या टपऱ्या बंद पाडल्यात. ह्या प्रश्नावर मात्र आपली एकही मीटिंग झालेली नाही.

आधी माझ्याच घरातलं सांगतो. आईला लकवा मारला तेव्हा मी वस्त्यावस्त्यांतून शाखा बांधत फिरत होतो. तिची उजवी बाजू गेली. वेणीफणी, आंघोळ, लुगडं नेसवणं, घास भरवणं, रात्री दोनदा कूस बदलून देणं आणि सार्वजनिक संडासापर्यंत धरून नेणं, हे सगळं कोण करणार यावर घरात चर्चा झाली नाही की ठराव झाला नाही. बहीण अकरावीत होती. तिचं कॉलेज सुटलं. कुणी सोडवलं नाही, आपोआप सुटलं. बाईचं सगळं असं आपोआपच सुटतं.

एकदा बहीण दिवसभर बाहेर होती. घरी मी. पाणी देऊ? चहा देऊ? आई नको म्हणायची. संध्याकाळी बहीण आली तेव्हा आईनं तिचा हात असा घट्ट धरला की माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारी सकाळपासून दाबून बसली होती. पाणी प्यायलं तर जावं लागेल, म्हणून पाणीच नको. असलं काम पोराला सांगायचं नसतं, हे तिनं गृहीत धरलं होतं. आणि तसं गृहीत धरायला मीच तिला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्याच आठवड्यात मी समतेवर पाऊण तास भाषण ठोकलं होतं.

घाण काढायचं काम एका जातीच्या गळ्यात बांधलं म्हणून आपण मनूच्या नावानं बोंबलतो. बरोबरच बोंबलतो. मग घरातल्या अंथरुणाची घाण बाईच्या गळ्यात बांधताना आपण कोण असतो? १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली. तिची एक प्रत आपल्या मोरीत अजून शिल्लक आहे.

२०१९ साली सरकारनं देशभर लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब मोजला. घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं राबते, बाप्या ९७. म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा आधार बाई. आणि हीच बाई पडली तर? अपंग बाप्याला बायको करून देतात, ‘त्याचं करायला कुणीतरी हवं’ म्हणून. अपंग बाईचं करायला नवरा आणलेला कुणी पाहिलाय? सासरी असताना पडली तर रिक्षात घालून माहेरी आणून टाकतात.

वय कुठलंही घ्या. सात वर्षांची पोरगी चालत नसेल तर आई तिला कमरेवर घेऊन शाळेत नेते. बाराव्या वर्षी कंबर भरते, शाळा संपते. तरणी झाली की पाळी आली. कापड कोण बदलणार? ह्या प्रश्नाला ह्याच महाराष्ट्रात काय उत्तर निघालं माहीत आहे? १९९४ साली शिरूरच्या सरकारमान्य संस्थेतल्या मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढली. कारण काय, तर त्यांना स्वच्छता राखता येत नाही. मदतनीस बाई ठेवण्यापेक्षा पोट फाडणं सोपं वाटलं साल्यांना! स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. आणि म्हातारी? ती घरातल्या कोपऱ्यात पडलेली. सून दमते, तिच्यावर खेकसते, आणि पोरगा दाराबाहेर पेपर वाचतो.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग निघाले, त्यात १ कोटी १८ लाख बाया. देशाचं प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींचं २.४५. म्हणजे इथंही आपला नंबर वर. २०१८ ची सरकारी पाहणी सांगते की ६२.१ टक्के अपंगांना देखभाल करणारं माणूस आहे, आणि गरज असून माणूस मिळत नाही असे फक्त ०.३ टक्के. वा! प्रश्नच मिटला! त्या ६२.१ च्या पोटात किती बहिणींची कॉलेजं गेली, ते मात्र आकडा सांगत नाही.

कायदा आहे. २०१६ चा. जास्त आधार लागणाऱ्यांना काळजीवाहक भत्ता द्यावा, असं कलम २४ मध्ये छापलंय. फक्त आधी ‘सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पाचर मारून ठेवलीय. केंद्राच्या अपंग पेन्शनचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपये. तोही दारिद्र्यरेषेखाली असाल आणि अपंगत्व ८० टक्के असेल तर. वय १८ ते ७९. म्हणजे सात वर्षांची पोरगी बाद आणि ७५ टक्केवाली बाईही बाद. वर नाव काय दिलं? दिव्यांग! हा खेळ आपल्याला नवा नाही. पाणवठा दिला नाही, ‘हरिजन’ नाव दिलं. १९३८ साली त्या शब्दाच्या निषेधार्थ बाबासाहेब आणि त्यांचे आमदार मुंबईच्या विधिमंडळातून उठून बाहेर पडले होते. नाव नको, हक्क द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता पैसेवाल्यांकडे पाहा. त्यांच्या आजीला बारा तासांची ‘मावशी’ असते. ती मावशी बहुतेक आपल्याच वस्तीतली. दुसऱ्याच्या आईचे डायपर बदलून ती रात्री घरी येते, तेव्हा तिची स्वतःची आई तशीच ओली पडलेली असते. सुट्टी नाही, फंड नाही, किमान वेतनाचं नाव नाही.

म्हणून मागायचं ते नीट मागू. वॉर्डावॉर्डांत पगारी मदतनीस हव्यात, सरकारी पगारावर. कोण हवी, किती वाजता हवी, कुठं हात लावायचा, हे त्या अपंग बाईनं ठरवायचं. वस्तीच्या प्रत्येक संडासात एक बसका कमोड, धरायला दांडा आणि दारापर्यंत उतार. काळजीवाहक भत्ता कागदावरून काढून हातात. ह्यासाठी मोर्चा काढता येतो. आपण ह्याहून लहान गोष्टींसाठी काढलेत.

पण मोर्चाच्या आधी घर. मी आईला विचारलं, तुला कोण हवं? असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, आंघोळीला बाईच हवी. ठीक. शेजारची मावशी आता पैसे घेऊन येते. चादरी मी धुतो, रात्रीचं भांडं मी उपसतो, कूस मी बदलतो. पहिल्या दिवशी नळावर पोरं हसली. आता हसत नाहीत. बहिणीनं बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरलाय.

पुढच्या मीटिंगला येताना प्रत्येकानं एवढं सांगावं: आपल्या घरात कोण कुणाला उचलतं, आणि त्यापायी कुणाची शाळा सुटली. मग क्रांतीवर बोलू.